लेकीकडे उप्सालाला जायचं आहे, काय पाहू?

प्रश्न : ताई, आमची पोरगी स्वीडनमध्ये उप्साला युनिव्हर्सिटीत मास्टर्स करून राह्यली. ती म्हणते बाबा ३० एप्रिलला या, इथं कॉलेजच्या पोरांचा मोठा सण असतो. पण मृगाच्या आधी घरी यायलाच पाहिजे, पेरणी कोण पाहील? अन मी पडलो कास्तकार, युनिव्हर्सिटीच्या गावात मला काय समजणार?
– एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर : काकाजी, ते शेवटचं मनातून काढूनच टाका, हे गाव कास्तकारानं पाहावं असंच आहे. युनिव्हर्सिटी १४७७ ची, त्या सगळ्या उत्तरेकडच्या देशांत सगळ्यात जुनी, पण तुम्ही पहिले जा लिनियसच्या बागेत. कार्ल लिनियस इथं प्रोफेसर होता, झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत त्यानं पक्की केली, आपली देशी कपाशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, हे नाव त्याच्याच १७५३ च्या पुस्तकातलं आहे, अन आंब्याचं पण! माणूस कधी हिंदुस्थानात आला नाही बरं का. बागेत वाफे त्याच्याच पद्धतीनं लावलेले आहेत, एकीकडे वर्षायू झाडं, दुसरीकडे बहुवर्षायू, सावकाश पाहा, घाई करू नका. त्यानं माकडं पाळली होती, त्यांच्यासाठी खांबावर बसवलेली लहान लहान घरं असायची. जमलं तर गावाबाहेर त्याची हमारबीची वाडी पण पाहा, तिथं झोपायच्या खोलीच्या भिंतींवर त्यानं झाडांची छापील चित्रं वॉलपेपरसारखी चिकटवलेली आहेत, मला तर उप्सालातलं सगळ्यात आवडतं ठिकाण तेच वाटते.

बाग साधारण मे ते सप्टेंबरच उघडी असते. म्हणून माझं म्हणणं असं की पोरीचं ऐका, ३० एप्रिलच्या आधी पोचा, अन मेच्या मध्यापर्यंत राहा, सण पण होते, बाग पण होते अन मृगाआधी आरामात घरी. ३० एप्रिलला सकाळी पोरं स्वतः बनवलेले तराफे फ्युरिस नदीत सोडतात अन दुपारी ३ वाजता कॅरोलिना रेडिविवा लायब्ररीपुढे जमून पांढऱ्या टोप्या हलवतात, गर्दी भयंकर असते. त्याच लायब्ररीत चांदीचं बायबल आहे, सहाव्या शतकातलं, जांभळ्या चामड्यावर चांदी-सोन्याच्या शाईनं लिहिलेलं, ते मात्र गर्दी नसेल त्या दिवशी पाहा.

कॅथेड्रल तर लांबूनच दिसते, जवळजवळ ११९ मीटर उंच, आत जायला पैसे नाहीत, लिनियसला तिथंच पुरलं आहे. समोर गुस्तावियानम, म्हणजे युनिव्हर्सिटीचं म्युझियम, त्यात वर १६६० च्या दशकातलं प्रेत फाडून शिकवायचं गोल सभागृह, उभ्या पायऱ्यापायऱ्यांचं, काकूंना नसेल पाहवत तर राहू द्या.

एक दिवस गामला उप्सालासाठी, म्हणजे जुन्या उप्सालासाठी, ठेवा, सिटी बस जाते. तिथं जुन्या राजांना पुरलं म्हणतात ते मातीचे तीन मोठे ढिगारे आहेत, वर गवत वाढलेलं, अन बाजूच्या चर्चमध्ये अँडर्स सेल्सियसची समाधी. आपण मेमध्ये ४५-४६ डिग्री म्हणतो ना, ते मोजमाप ह्याचं, १७४२ चं! त्यानं पहिले उकळत्या पाण्याला ० अन बर्फाला १०० धरलं होतं, त्याच्या मागं दुसऱ्यांनी ते उलटं केलं.

तिथं मेमध्येही सकाळी चांगली थंडी असते, स्वेटर-जॅकेट दोघांचंही घ्या. नोटा फारशा चालत नाहीत, सगळीकडे कार्ड, ते बँकेतून आधीच चालू करून घ्या. अन अर्लांडा एअरपोर्टवरून उप्सालाची ट्रेन सरळ आहे, वीसेक मिनिटं, स्टॉकहोमला जायची गरजच नाही.