कोकरू दगावलं, त्यावर काय लिहायचं?

तुझं पत्र दोनदा वाचलं. ब्रिटनमधल्या व्हेटरनरी कॉलेजची ऑफर आली आहे, सप्टेंबरात निघायचंय, कर्जाचं घरच्यांनी जमवत आणलंय. आणि आता कॉलेजने पाठवलेल्या माहितीत ‘रिफ्लेक्टिव्ह रायटिंग’ (आपल्या अनुभवावर विचार करून लिहिणं) आणि ‘पोर्टफोलिओ’ (अशा नोंदींचा संग्रह) हे शब्द वाचून तुझ्या पोटात गोळा आलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर दोन वर्षं नीटसाठी चार पर्यायांतून एक निवडायचा सराव, त्यात ‘स्वतःच्या अनुभवावर लिहा’ म्हणजे लिहायचं तरी काय, असं तू विचारलंस. तिथला अभ्यास कसा करायचा, हेही विचारलंस. अभ्यासाचं पुढे सांगते. आधी लिखाणाचं, कारण मी स्वतः अडले होते ते तिथेच.

मी माण तालुक्यातली. पशुवैद्यकाचं शिक्षण ब्रिटनमध्येच झालं, आता तिथल्याच वेल्समध्ये गुरं, मेंढ्या आणि कुत्री-मांजरं असं सगळं बघणाऱ्या दवाखान्यात काम करते. दर वर्षी आमच्याकडे विद्यार्थी अनुभवासाठी येतात आणि त्यांच्या नोंदी मी वाचते. त्यामुळे लिहिणारीची अडचणही मला माहीत आहे आणि वाचणाऱ्याचीही.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आम्हाला लॅम्बिंगला, म्हणजे मेंढ्या विण्याच्या हंगामात, शेतावर जावं लागायचं. अशा बाहेरच्या अनुभवाला तिथे ईएमएस म्हणतात. माझ्या वेळी पशुपालनाचे १२ आणि दवाखान्यातले २६ असे मिळून ३८ आठवडे होते. नंतर ते कमी केले गेले. तुझ्या बॅचला किती, ते कॉलेजलाच विचार. आमच्या आजीचा मेंढ्यांचा वाडा होता, त्यामुळे मेंढ्यांचं मला सांगायला नको, अशा समजुतीत मी गेले.

तिसऱ्या की चौथ्या पहाटे कुंपणाच्या कडेला एक कोकरू पडलेलं दिसलं. अंग ओलसर, तोंडात बोट घातलं तर गार. रात्री उशिरा जन्मलेलं, म्हणजे सात-आठ तासांचं असणार. मी ते उचललं, गोणपाटाने खसाखसा पुसलं आणि गोठ्यातल्या लाल दिव्याखाली ठेवलं. अर्ध्या तासाने त्याने मान मागे टाकली, पायांना झटके आले आणि ते दगावलं. शेतकरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ताप पाहिला होतास?’ थर्मामीटर माझ्या खिशात होता.

त्यामागचं कारण असं. नवजात कोकराच्या अंगात तपकिरी चरबीचा थोडा साठा असतो, त्यावर ते पहिले काही तास ऊब धरून राहतं. पाचएक तासांत चीक पोटात गेला नाही तर तो साठा संपतो आणि रक्तातली साखर खाली येते. अशा कोकराला नुसती ऊब दिली की शरीराचं काम वाढतं, साखर आणखी लागते, ती मेंदूला मिळत नाही आणि झटके येतात. म्हणून पाच तासांपेक्षा मोठं कोकरू ३७ अंशांच्या खाली गेलं असेल, तर आधी पोटाच्या पोकळीत २० टक्के ग्लुकोज, किलोला १० मिली या हिशेबाने, कोमट करून इंजेक्शनने द्यायचं आणि मगच ऊब द्यायची. डोकं धरता यायला लागलं की नळीने चीक.

यावर मला सहाशे शब्द लिहायचे होते. मी पहिल्यांदा जे लिहिलं त्याचा मराठीत गोषवारा देते:

‘कोकरू हायपोथर्मियाच्या अवस्थेत आढळले. त्यास उष्णता देण्यात आली. तथापि ते दगावले. नवजात कोकरांतील हायपोथर्मियाची कारणे पुढीलप्रमाणे...’ आणि मग दीड पान पुस्तकातलं.

शास्त्रीय माहिती सगळी बरोबर होती. शिक्षिकेने खाली एकच ओळ लिहिली होती: ‘यात तू कुठे आहेस?’ मला ते फार लागलं. आपल्याकडे प्रयोगवहीत ‘मी’ लिहिलं तर लाल रेघ मिळते. ‘असे आढळून आले’, ‘असे करण्यात आले’ हीच भाषा आपल्याला शिकवलेली असते. शिवाय उत्तरपत्रिकेत जे येत नाही ते झाकायचं, चार वाक्यं जास्त लिहून पान भरायचं, हेही आपण शिकलेलो असतो. मी अगदी तेच केलं होतं. थर्मामीटर खिशात होता, हे मी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा मराठीत लिहिलं. वहीत, कुणाला दाखवायचं नाही असं ठरवून. तेव्हा पहिला खरा प्रश्न कागदावर आला: मी ताप का पाहिला नाही? उत्तर सुचायला वेळ लागला. मला पाहायची गरजच वाटली नव्हती, कारण काय करायचं ते मला ‘माहीत’ होतं. आजी गारठलेलं कोकरू पुसून चुलीपाशी ठेवायची आणि ते तासाभरात उठून उभं राहायचं. ते मी दहा वेळा तरी पाहिलं असेल.

मग पुढचा प्रश्न. आजीचं चुकत होतं का? नाही. तिच्या मेंढ्या वाड्यात व्यायच्या, ती रात्री उठून बघायची, कोकरू चुलीपाशी यायचं तेव्हा जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं असायचं. त्याच्या अंगात साठा शिल्लक असायचा. माझं कोकरू आठ तास उघड्या माळावर होतं. आजीची रीत तिच्या कोकरांसाठी बरोबर होती. मी ती वय न विचारता दुसऱ्या कोकराला लावली.

हे सापडलं त्या क्षणी मला रिफ्लेक्शन म्हणजे काय ते कळलं. ग्लुकोजचा डोस पुस्तकात आहे. माझ्या हातून तो का दिला गेला नाही, याचं कारण कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते फक्त मला सापडू शकत होतं, आणि ते सापडल्याशिवाय पुढच्या वेळी पुस्तक पाठ असूनही मी तेच केलं असतं.

आता शेवटच्या भागाबद्दल, कारण तिथे बहुतेकांची दांडी उडते. ‘यापुढे मी अधिक काळजी घेईन’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या नोंदीत सतत वाचते आणि प्रत्येक वेळी परत पाठवते. काळजी घेईन म्हणजे काय करशील? मी लिहिलं होतं ते असं: गारठलेलं कोकरू दिसलं की आधी ताप, मग वय, मग निर्णय. पोटात इंजेक्शन कुठे आणि कसं द्यायचं ते उद्या शेतकरीणबाईंकडून समोर उभं राहून शिकेन. त्या हंगामात त्यांच्या देखरेखीखाली दोन कोकरांना दिलं, त्यातलं एक जगलं. हेही पुढच्या नोंदीत लिहिलं.

कॉलेजात तुला याचे साचे शिकवतील. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ मधलं चक्र सगळीकडे चालतं: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, का झालं, निष्कर्ष, पुढची योजना. ते सहा कप्पे समान भरायचा मोह होतो, तो टाळ. घटना एक चतुर्थांशात संपव आणि ‘का झालं’ला सगळ्यात जास्त जागा दे. मला स्वतःला तीन प्रश्नांचा साचा जास्त सोयीचा वाटतो: काय झालं, त्याचं काय, आता काय. कुठला साचा घ्यायचा ते कॉलेजने ठरवून दिलं असेल तर तोच वापर.

‘काय वाटलं’ या कप्प्यापाशी आपली मुलं अवघडतात. परीक्षकाला आपलं रडगाणं कशाला सांगायचं, असं वाटतं. तिथे एक कसोटी लाव: त्या भावनेने तुझ्या वागण्यात काही बदललं का? पहिल्यांदा गाईला दयामरण देताना पाहिलं तेव्हा मी मागे सरकले आणि मालकाशी एक शब्द बोलले नाही. गाईबद्दलच्या माझ्या घरच्या भावना मला आड आल्या, आणि त्यामुळे त्या माणसाला हवा असलेला आधार मी देऊ शकले नाही. हे लिहिण्यासारखं आहे. तू माळकरी घरातली आहेस असं लिहिलंस, म्हणून आधीच सांगते: शिक्षणात कत्तलखान्याची भेट असते, मांस तपासणी हा पशुवैद्याच्या कामाचा भाग आहे. घरच्यांशी त्याबद्दल आत्ताच बोलून घे. तिथे जे वाटेल ते लिहायला लाजू नकोस, पण तिथे काय शिकलीस तेही लिही. फार जड झालं तर व्हेटलाइफ ही पशुवैद्यांसाठीची मदत संस्था तिथे आहे. तिची हेल्पलाइन विद्यार्थ्यांनाही खुली असते.

चूक कबूल केली तर गुण जातील का, ही भीती तुझ्या पत्रात ओळींच्या मधून दिसते. गुण विचारांना असतात. पण एक फरक लक्षात ठेव. औषध चुकीचं दिलं गेलं, जनावराला इजा झाली, असं काही झालं तर ते त्याच क्षणी तोंडी, देखरेख करणाऱ्याला सांगायचं. पोर्टफोलिओत नंतर लिहून ते सांगितल्यासारखं होत नाही. मालकाचं, शेताचं, दवाखान्याचं नाव नोंदीत कधीच येऊ द्यायचं नाही. आणि न घडलेली घटना रचून लिहू नकोस. खऱ्या नोंदीत एखादा आडवा-तिडवा तपशील असतोच, खिशातल्या थर्मामीटरसारखा. रचलेल्यात तो नसतो आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं. पकडलं गेलं तर तो प्रामाणिकपणाचा प्रश्न होतो, आणि या पेशात तो फार महाग पडतो.

कॉलेज संपलं की हे संपेल, असंही समजू नकोस. तिथे नव्या पशुवैद्याला व्हेटजीडीपी नावाचा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो, २०२१ पासून तो सुरू आहे, आणि त्यातही अशाच नोंदी असतात. पुढे दर वर्षी ३५ तास शिकत राहणं बंधनकारक आहे. २०२२ पासून नुसते तास भरून चालत नाही, शिकलेल्याचं काय झालं यावर चिंतन नोंदवावं लागतं. मी आजही लिहिते.

आता अभ्यासाचं. नीटची तयारी वाया गेली असं मुळीच समजू नकोस. स्वतःला प्रश्न विचारायची सवय तुला आहे, ती सोन्यासारखी आहे. सोडायची आहे ती पिवळ्या पेनाने ओळी रंगवत पुन्हा पुन्हा वाचायची सवय. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला, दुसऱ्यांनी एकदा अभ्यासून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने आठवणारे पुढे गेले: वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के, आठवणाऱ्यांच्या ६१. वाचताना ‘येतंय’ असं वाटतं, ते पाच मिनिटांपुरतं खरं असतं.

तिथे कुत्रा, मांजर, घोडा, गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी, ससा सगळं येतं. सगळं पाठ होत नाही. एका जनावराची रचना पक्की कर आणि बाकीच्यांचे फरक तेवढे मांड. ‘आन्की’सारख्या ॲपवर एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं कर, पण ‘गाईच्या पोटाचे चार कप्पे कोणते’ असं कार्ड फार पुढे नेत नाही. ‘गाईने गिळलेली तार हृदयापर्यंत कशी पोचते’ असं कर. उत्तरात रेटिक्युलम हा पोटाचा कप्पा, त्याच्यापुढचा छाती-पोटामधला पडदा आणि पडद्यापलीकडचं हृदय, सगळं क्रमाने आठवावंच लागतं. आठवड्यातून एकदा कोऱ्या कागदावर चित्र काढ, पुस्तक बंद ठेवून. जिथे पेन थांबेल तिथे खूण कर. तुझा पुढचा अभ्यास तिथून सुरू होतो. मला वाटतं चित्रावरची ही खूण आणि रिफ्लेक्शन यांत फारसा फरक नाही. दोन्हींत आपल्याला काय येत नव्हतं, ते नेमकं कागदावर येतं.

शिक्षकांना प्रश्न विचार, अगदी साधा वाटला तरी. तिथे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, सुरुवातीला जीभ वळत नाही, दोन महिन्यांत वळते. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. आधी मराठीत विचार कर, मराठीत लिही, मग लहान वाक्यांत इंग्रजी कर. संध्याकाळी दमून खोलीवर आलीस की फोनवर मराठीत दोन मिनिटं बोलून ठेव: आज काय केलं, कुठे अडले. महिन्याने नोंद लिहायला बसशील तेव्हा घटना आठवते, पण आपण कुठे घुटमळलो ते विसरलेलं असतं.

सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. तुझ्या मामांकडे गोठा आहे असं लिहिलंस ना? दर रविवारी तिथे जा, धार काढ, गाय विणार असेल तर रात्री थांब, आणि घरी येऊन एक पान लिही. मामांनी जे केलं ते का केलं असेल, तू काय समजून चालली होतीस, आणि कुठे वेगळं निघालं. शुद्धलेखन बघू नकोस. पहिलं पान झालं की मला पाठव, मराठीतच.