मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं वापरकर्त्यांसाठीचं डॉक्युमेंटेशन कसं लावावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा रीडमी, म्हणजे सॉफ्टवेअरसोबतची ओळखीची फाइल, फार लांबला आहे, विकीवर बरीच पानं साचली आहेत, तरी लोक तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात. मग हे सगळं नव्यानं कोणत्या क्रमानं लावावं? मी सांगलीत असतो. दूध संकलन केंद्रांच्या हिशेबाचं एक लहान मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर आहे, त्याचं मॅन्युअल गेली काही वर्षं सांभाळतो. त्यावरून सांगतो.

आमचं पहिलं मॅन्युअल मेनूच्या क्रमानं होतं : मास्टर, संकलन, बिल, अहवाल, सेटिंग्ज. एकही बटण सुटलं नव्हतं. ते छापून मी पलूसजवळच्या एका केंद्रावर गेलो आणि सकाळचं संकलन संपेपर्यंत तिथेच बसलो. दूध संघानं नवं दरपत्रक तीन दिवस मागच्या तारखेपासून लागू केलं होतं. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) गाईच्या दुधाचा दर बदललेला, मधल्या तीन दिवसांच्या पावत्या मात्र जुन्या दरानं निघालेल्या, आणि दहा दिवसांचं बिल तोंडावर आलेलं. मशीनवरच्या मुलानं मॅन्युअल पुढून मागून चाळलं आणि म्हणाला, "सर, ह्यात दर कुठं बदलायचा ते हाय. पण मागचं झालंय त्याचं काय करायचं, ते कुठाय?"

ते होतं, पण तीन ठिकाणी विखुरलेलं. दर लागू होण्याची तारीख 'मास्टर'मध्ये, फेरहिशेब 'संकलन'मध्ये आणि बंद केलेलं बिल उघडणं 'सेटिंग्ज'मध्ये. हे तिन्ही तुकडे एकाच कामाचे आहेत हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ते सापडले असते. त्या दिवशी घरी येऊन मी एकच पान लिहिलं, 'दर मागच्या तारखेपासून बदलला तर'. आजही आमच्याकडे सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान तेच आहे.

तेव्हा क्रम ठरवण्याआधी एक काम करा. लोकांनी आजवर विचारलेले पन्नासेक प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, एकेका चिठ्ठीवर उतरवा आणि टेबलावर पसरा. आमच्या चिठ्ठ्यांचे ढीग आपोआप पडले. काहींना पहिल्यांदा हात धरून चालवायला कुणीतरी हवं होतं. काहींचं एखादं काम अडलं होतं. काहींना एका रकान्यात नेमकं काय भरायचं तेवढंच हवं होतं. आणि थोडे जण विचारत होते, "हे असं का?" डॅनिएले प्रोचिदा (Daniele Procida) यांनी 'डायटॅक्सिस' या नावानं मांडलेली विभागणी हीच आहे : शिकवणी, कृती, संदर्भ आणि उलगडा. जँगो या वेबसाइट बनवण्याच्या मुक्तस्रोत साधनाचं डॉक्युमेंटेशन याच धर्तीवर लावलेलं आहे; त्याचं पहिलं पान एकदा शांतपणे वाचा.

गोंधळ होतो तो हे चार प्रकार एकाच पानात कालवल्यामुळे. आमच्या शिकवणीत पाच खोटे सभासद आहेत, एका सकाळचं दूध आहे, आणि शेवटी बिलाची बेरीज किती यायला हवी तो आकडाही छापला आहे. आकडा जुळला की नव्या माणसाला धीर येतो. तिथे पर्याय सांगायचे नाहीत, 'हवं तर असंही करता येतं' हे वाक्य तर नकोच. एसएनएफचं उदाहरण घ्या. लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजायच्या नळीची) डिग्री आणि फॅट यांवरून तो काढायच्या सूत्रातला स्थिरांक सगळीकडे एकच धरत नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात कोणता आकडा भरलेला आहे, हे संदर्भाच्या पानावर एका ओळीत आहे. आकडे वेगवेगळे का असतात आणि आपल्या संघाचा कोणता ते कुणाला विचारायचं, हे उलगड्याच्या पानावर. पूर्वी हे सगळं पहिल्याच धड्यात होतं, आणि लोक तिथेच थांबत.

मात्र चार रिकामे फोल्डर करून त्यांत पानं कोंबू नका. सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न उचला, त्याचं पान लिहा, मग दुसरा. ढीग वाढला की विभाग आपोआप दिसू लागतात.

शीर्षकं वापरणाऱ्याच्या तोंडची हवीत. आमच्या कोडमध्ये 'पेमेंट सायकल' आहे, पण केंद्रावर तो शब्द कुणी उच्चारत नाही. तिथे 'दहा दिवसांचं बिल' म्हणतात. शोधताना माणूस तेच टाइप करणार. चूक झाल्यावर पडद्यावर जो संदेश येतो, तो अक्षर न बदलता शीर्षकात घ्या. लोक तो जसाच्या तसा शोधतात.

आणखी एका गोष्टीबद्दल मला फार वाटतं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्यात आज्ञांच्या पानांवर 'बग्ज', म्हणजे दोष, असा मथळा आहे. काय नीट चालत नाही, ते करणाऱ्यांनी स्वतःच तिथे लिहून ठेवलं. आम्ही प्रत्येक कृतीच्या शेवटी 'हे होत नाही' अशा दोन-तीन ओळी देतो. बिल वाटून झाल्यावर दर बदलला तर सॉफ्टवेअर फरकाची रक्कम आपोआप पुढच्या बिलात ओढत नाही, ती हातानं घालावी लागते. हे लपवलं असतं तर एखाद्या सभासदाच्या पैशात चूक राहिली असती.

पानं कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातले बदल जिथे साठवतात तिथेच, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आम्ही स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन तयार करायचं साधन वापरतो. त्यातून वेबची पानं निघतात आणि पीडीएफही. नेट नसलेल्या केंद्रावर पीडीएफच कामी येतं. वापर बदलणारा कोडचा बदल पानाशिवाय आला तर तो आम्ही स्वीकारत नाही. सुरुवातीला यावरून कुरबुर झाली, पण एकदा रकान्याचं नाव बदललं, पान तसंच राहिलं आणि दोन केंद्रांची माहितीची आयात फसली, तेव्हापासून कुणी वाद घातला नाही. आवृत्तीनिहाय पानंही ठेवा, कारण जुनी आवृत्ती चालवणारे बरेच असतात.

चित्रं कमी ठेवा. बटण थोडं सरकलं तरी ती जुनी होतात. आणि जी ठेवाल त्यांत खऱ्या सभासदाचं नाव, खाते नंबर, रक्कम दिसू देऊ नका. परवान्याचं थोडक्यात : आमचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पानं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसएखाली (श्रेय द्या आणि बदललेलं त्याच परवान्यानं वाटा). हे पहिल्याच दिवशी लिहून टाका, नाहीतर नंतर मदत केलेल्या प्रत्येकाची परवानगी मागत फिरावं लागतं.

विकी लगेच उडवू नका. लोकांनी त्या पानांचे दुवे कुठे कुठे साठवलेले असतात. एकेक पान नव्या जागी हलवलं की जुन्या पानावर 'हे आता इथे आहे' एवढी एक ओळ आणि दुवा ठेवा, आणि संपादन बंद करा. आमची अशी शेवटची सहा पानं अजून हलवायची आहेत. त्यातलं प्रिंटरचं पान या आठवड्यात घेतलं आहे.