अंधारात खडीसाखर फोडली की निळं का चमकतं?

प्रश्न : माघी गणपतीच्या आदल्या रात्री लाइट गेली होती. सासूबाई प्रसादासाठी खलबत्त्यात खडीसाखर कुटत होत्या, तेव्हा घावागणिक आत निळसर काहीतरी चमकलं. साखरेत भेसळ असेल का? रात्री किनाऱ्यावर लाटा चमकतात, तसलाच हा प्रकार का?
– एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : ताई, प्रसाद निर्धास्त वाटा. हा उजेड साखरेचाच. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६२० सालीच लिहून ठेवलंय, की कडक साखर अंधारात सुरीने खरवडली तर चमकते. शास्त्रात याला ट्रायबोल्युमिनेसन्स म्हणतात. मात्र चमकली म्हणजे साखर शुद्ध, असंही समजू नका. ती शुद्धतेची परीक्षा नव्हे.

साखरेच्या स्फटिकात रेणूंची रचना अशी असते, की तो तडकला की एका बाजूवर धन आणि समोरच्या बाजूवर ऋण विद्युतभार उरतो. फटीतल्या हवेतून हा भार उडी मारतो आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. आकाशातल्या विजेच्या प्रकाशातही नायट्रोजनचा असाच वाटा असतो. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की त्यातला बहुतेक प्रकाश अतिनील असतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. सासूबाईंच्या खलात पडला तो उरलेला थोडासा निळा. सांधेदुखीच्या मलमात असतं ते विंटरग्रीनचं तेल हा अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. म्हणून त्या स्वादाच्या गोळ्या दातांखाली फुटताना जास्त ठळक चमकतात.

चिकटपट्टी झर्रकन ओढली तरी अंधारात निळी रेघ दिसते. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी ती निर्वात पेटीत उलगडली, तर चक्क क्ष-किरण निघाले, बोटाचं हाड टिपण्याइतके! घरातल्या हवेत तसं होत नाही, काळजी नको.

लाटांचं मात्र वेगळं. तिथे नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्म जीव असतात. पाणी हललं की त्यांच्या पेशीवर ताण येतो आणि आत रासायनिक क्रिया होऊन प्रकाश पडतो. ताण दोन्हीकडे आहे, पण इथे जिवंत पेशीचं रसायन आहे.

मी कणकवलीकडे शाळेत शिकवायचो, तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद लावून मुलांना गारगोट्या घासायला द्यायचो. आपल्याकडे परसात, व्हाळात त्या हव्या तेवढ्या मिळतात. दोन पांढऱ्या गारगोट्या जोरात घासल्या की दगड आतून नारिंगी-पिवळा उजळतो, पाण्याखाली धरल्या तरीही. चकमकीची ठिणगी ही नव्हे. ती पोलादाच्या जळत्या कणांची.

तुमच्या मुलांना हे जरूर दाखवा. डोळ्यांवर चष्मा हवा, कपच्या उडतात. आधी दहा-पंधरा मिनिटं काळोखात बसा. साखर मात्र कोरडीच घ्या; पावसाळ्यात ती ओलसर होते आणि हा उजेड नीट दिसत नाही.