गायरानावर झाडे लावली तर ओढ्याला पाणी टिकेल का? हरणे, पक्षी येतील का?

प्रश्न विचारणाऱ्यांचे गाव सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीच्या खोऱ्यात आहे. गावाचे गायरान ओसाड पडले आहे आणि या पावसाळ्यात तिथे हजारो झाडे लावायचा तरुण मंडळाचा बेत आहे.

तुमचा हेतू चांगला आहे, म्हणूनच कळकळीने सांगतो. माळावर झाडे लावू नका. लावायचीच असतील तर खाली ओढ्याच्या काठी लावा.

मी शेजारच्या इंदापूर तालुक्यातला. आमच्या घराच्या मागेच माळ सुरू होतो. तुम्ही ज्याला ओसाड म्हणता, ते गवताचे रान आहे. फक्त ते वर्षातले आठ महिने वाळलेले असते.

आधी पाण्याचे बघू. भीमेला सह्याद्रीचा पाऊस आहे, ती भीमाशंकरहून येते. सीनेचे तसे नाही. ती नगरजवळ उगम पावते आणि पर्जन्यछायेतूनच वाहत जाऊन भीमेला मिळते. जोडकालव्याने उजनी धरणाचे पाणी तिच्यात सोडतात ते वेगळे, पण तिचे स्वतःचे पाणी म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या गावांच्या माळांवर पडणारा वर्षाकाठचा ५०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. तोही चार-सहा जोराच्या सरींत येऊन जातो. माळावर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. त्या वीतभर मातीला धरून ठेवतात ती पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी या गवतांची मुळे. झाडांसाठी जेसीबी लावून तुम्ही मुरूम उकरलात की ती वीण तुटते. शेजारच्या एका गावात असे झालेले मी पाहिले आहे. तिसऱ्या वर्षी निम्मी रोपे वाळली होती, खड्ड्यांच्या कडेची माती वाहून ओढ्यात बसली होती आणि गवत परत आले नव्हते.

मोज्यात रुतलेली कुसळीची कुसळे तुम्हीही कधीतरी सोडवत बसला असाल. पुढच्या वेळी एक कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. त्याची पिळलेली शेपटी हळूहळू उलगडत फिरायला लागते. पहिला पाऊस झाला की असे गरगरतच ते बी स्वतःला जमिनीत रुतवून घेते. इतक्या कमी पावसावर जगायची तयारी त्या गवताने करून ठेवली आहे. गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झाडे दाट वाढली की त्यांच्या सावलीत ते टिकत नाही.

आता वन्यजीव. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल हे पक्षी, ही सगळी उघड्यावरची मंडळी. काळविटाचा जीव वाचतो तो लांबचे दिसते आणि पळायला मोकळी जागा असते म्हणून. धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. तुमच्याच जिल्ह्यातल्या नान्नजला १९७२ मध्ये पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना माळढोक आढळले, १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज तिथे एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते. कारणे बरीच आहेत. कालवे आले, ऊस आला, माळ नांगरले गेले, कुत्री वाढली. पण माळ म्हणजे पडीक, तिथे काहीतरी केलेच पाहिजे, ही समजूत मला या सगळ्याच्या मुळाशी दिसते.

ही जनावरे नुसत्या माळावर जगत नाहीत, हेही खरे. गेल्या हिवाळ्यात सकाळी आमच्या ओढ्याच्या ओल्या वाळूत मला लांडग्याची पावले दिसली, त्याच्या शेजारीच चिंकाऱ्याचे खूर. दोघे एकाच डबक्यावर येऊन गेले होते. लांडग्याची मादी पिल्लांसाठी ओढ्याच्या दरडीतली बिळे वापरते. दुपारची सावली, बोरे, उन्हाळ्यातले शेवटचे पाणी हे सगळे ओढ्यातच. वरचा माळ आणि खालचा ओढा मिळून त्यांचे एक घर होते. ओढ्याचे जेसीबीने सरळ गटार केले तरी ते घर मोडते.

म्हणून मंडळाचे हात ओढ्याकडे वळवा. काठावर करंज, उंबर, हिवर, बाभूळ लावा, पण दरडी ताशीव करू नका आणि डबकी बुजवू नका. गायरानावर पावसाळ्याचे तीन-चार महिने चराईबंदी करा आणि गवताचे बी पडले की मेंढरे सोडा. हे ठरवताना गावातल्या धनगर मंडळींना आधी विचारा. कुठला तुकडा कधी मोकळा ठेवायचा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आणि खड्डे खणायला जाण्याआधी एकदा उजाडायच्या आत त्या गायरानावर जाऊन तासभर गुपचूप बसा. काय काय दिसले ते इथे लिहा, मी वाट बघतो.