‘बड्या दिनाला या बरं’ : नाताळ, बडा दिन आणि क्रिसमस

सोलापूरहून लग्न होऊन नागपूरला आलेल्या एका ताईंनी विचारलंय की पोराच्या शाळेच्या नोटिशीत ‘नाताळच्या सुट्ट्या’ असं आलं, शेजारच्या ख्रिस्ती काकू ‘बड्या दिनाला या बरं’ सांगून गेल्या, आणि पोरगा सकाळपासून क्रिसमस क्रिसमस करून राहिला, तर यातला खरा मराठी शब्द कोणता? शिवाय ‘नाताळची’ बरोबर की ‘नाताळाची’? आणि एका फॉरवर्डमध्ये आलंय की नाती जोडणारा सण म्हणून नाताळ, ते खरं का?

फॉरवर्डचं आधी उरकतो. नाही हो, नात्याचा काही संबंध नाही. नाताळ हा पोर्तुगीज ‘नाताल’, तो आला लॅटिन ‘नातालिस’वरून, म्हणजे जन्माचा, जन्मासंबंधीचा. फ्रेंचांचा ‘नोएल’ पण तिथलाच. गुजरातीत अजून नातालच म्हणतात, आपण शेवटचा ल घासून ळ केला. दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, जिथे गांधीजींनी १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस काढली, ते नावही हेच, कारण वास्को द गामाची जहाजं १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्यावरून चालली होती. नातं जोडायचंच असेल तर एक खरं नातं सांगतो, लॅटिनमधला हा ‘नात’ आणि आपला संस्कृत ‘जन्’ धातू एकाच मुळातले, म्हणजे नाताळ आणि जन्म लांबचे चुलतभाऊ लागतात.

मग नाताळ मराठी का? पाव, चावी, बटाटा, पगार मराठी असतील तर नाताळही मराठी. सगळे एकाच जहाजातून उतरलेत.

आता बडा दिन. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण मी नागपुरातल्या सदर भागातलाच, ख्रिस्ती घरातला, आणि आमच्या घरी हे तिन्ही शब्द एका छताखाली नांदायचे. आजी नगरकडची, ती नाताळ म्हणायची. आजोबा कामठीचे, रेल्वेतले, ते बडा दिन. आम्ही पोट्टे कॉन्व्हेंटमधले, म्हणून क्रिसमस. भांडण कधीच झालं नाही, कारण (हे मला फार उशिरा कळलं) तिघं एकाच गोष्टीबद्दल बोलतच नव्हते.

आजीचा नाताळ चर्चमधला होता. पहाटे उठून केस विंचरून उपासनेला जायचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणायची, ‘बाळंते’ (तान्ह्याला गुंडाळायचं फडकं) आणि ‘गव्हाणी’ (गुरांना चारा घालायची जागा) हे शब्द मी तिच्याकडूनच शिकलो, नाहीतर सदरमधल्या पोराला गव्हाणी कुठून माहीत असणार. एकदा देखावा करताना मी आमच्याकडच्या सवयीने ‘येशूचा कोठा’ म्हणालो (वऱ्हाडात गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात), तर आजी म्हणाली कोठा नको म्हणू रे, लोक भलतंच समजतील. तिचं बरोबरच होतं म्हणा.

आजोबांचा बडा दिन मात्र घराच्या दारात सुरू व्हायचा. पोस्टमन, दूधवाला, झाडूवाली बाई सगळे २५ तारखेला यायचे, ‘बाबूजी, बडे दिन की बक्षिसी’. दिवाळीला पोस्त तशी ही आमची बक्षिसी. आजोबा पांढरा शर्ट घालून व्हरांड्यात बसायचे आणि खिशात आधीच सुट्टे पैसे मोजून ठेवलेले असायचे. दुपारपासून शेजारपाजारचे यायचे, त्यांना बशीतून करंजी, शंकरपाळे, चकली आणि केकचा एक तुकडा, म्हणजे दिवाळीचाच फराळ पण केकसकट. त्याला आजोबा ‘बडा दिन करणे’ म्हणायचे. ‘झाला का तुमचा बडा दिन?’ म्हणजे येऊन खाऊन गेलात का.

हा शब्द इकडे का रुजला ते नकाशा बघून कळतं. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची, कचेरीत हिंदी-मराठी दोन्ही चालायच्या, शेजारी छिंदवाडा, जबलपूर. आणि ख्रिस्ती धर्म इथे गोव्याकडून नाही, बराचसा स्कॉटिश मिशनवाल्यांकडून आला, हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप आले तेव्हा तर इथे भोसल्यांचंच राज्य होतं. कामठीची छावणी त्याच्याही आधीची, १८२१ ची. तेव्हा नाताळ हा शब्द कोकणातून घाट चढून इकडे येईपर्यंत साहेबाच्या बंगल्यावरच्या नोकरांनी, शिपायांनी बडा दिन घट्ट करून टाकला होता. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तो आहे, आणि तिथे अर्थ दिलाय की इथले लोक युरोपियनांच्या मोठ्या सणाला, विशेषतः ख्रिसमसला, असं म्हणतात. म्हणजे हे नाव बाहेरच्यांनी दिलं आणि आतल्यांनी आपलं केलं.

२१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो म्हणून बडा दिन, असंही खूप जण सांगतात. मला पटत नाही. २५ डिसेंबरला नागपुरात दिवस अकरा तासांचाही नसतो, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवसांपैकी, पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. दिवस तिळातिळाने वाढतो ते आपण संक्रांतीला म्हणतो ना. ‘बडे लोग’मधला बडा इथे आहे, लांबीचा नाही.

आणि एक गंमत बघा, शब्द हिंदी पण काकू ‘बडे दिन को’ नाही म्हणाल्या, ‘बड्या दिनाला’ म्हणाल्या. बडा चं बड्या, दिन चं दिना, मग ला. आपल्या व्याकरणाने त्याला आंघोळ घालून, कपडे बदलून घरात घेतलंय. माझ्या मते एवढं झालं की शब्द मराठी झाला, कोशात असो नसो.

क्रिसमस हा आमचा, म्हणजे केकचा, कागदी चांदणीचा आणि सांताक्लॉजचा. (ख्रिसमस की क्रिसमस विचाराल तर ख्रिस्तामुळे लिहिताना ख्रि, बोलताना नागपूरभर क्रि, मी दोन्ही चालवतो.) केक घरी भाजायचा नाही, ओव्हनच नव्हता. मैदा, साखर, डालडा, अंडी, काजू-किसमिस आणि आईने पाकात घोळवून वाळवलेल्या संत्र्याच्या साली, आंबिया बहाराची (हिवाळ्यात उतरणारी) संत्री तेव्हा घरात पोत्याने असायची, हे सगळं दोन पिशव्यांत भरून सायकलवर बेकरीत न्यायचं. तिथला भाईजान संध्याकाळचा पाव काढून झाला की उतरत्या भट्टीत आमचे टिन लावायचा, वहीत लिहायचा ‘बडा दिन, ४ टिन’ आणि प्रत्येक टिनाच्या कागदात नावाची चिठ्ठी खोचायचा. एका वर्षी चिठ्ठ्या जळाल्या आणि आम्ही घरी आणला तो केक दुसऱ्याच कुणाचा, त्यात संत्र्याची साल एक नाही, आणि टुटीफ्रुटी मात्र भरमसाट. आई दोन दिवस गप्प होती. आम्ही पोट्टे खूश.

राहिलं ‘नाताळची’ की ‘नाताळाची’. नाताळ पुल्लिंगी आणि अकारान्त, तेव्हा नियमाने नाताळाची व्हायला हवं, आणि ‘नाताळात’ आपण म्हणतोच. पण कान ‘नाताळची सुट्टी’ मागतो, कारण वार-महिन्यांच्या नावांना आपण ची थेट लावतो, सोमवारची सुट्टी, डिसेंबरची थंडी. नाताळ आपल्या डोक्यात सण कमी आणि कॅलेंडरवरची जागा जास्त झालाय, हायकोर्टालासुद्धा नाताळची सुट्टी लागते. तुम्ही ‘नाताळची’ लिहा, ‘नाताळाची’ लिहिणाऱ्याला चूक म्हणू नका.

आणि ताई, काकूंकडे जाताना ‘शुभ नाताळ’ म्हणा किंवा ‘हॅप्पी क्रिसमस’, काही फरक पडत नाही, पण संध्याकाळी चारच्या आत जा. आमच्याकडे तरी त्यानंतर फक्त शंकरपाळे उरायचे.