वाचकांचे प्रश्न : फायरवॉल आहे, तरी शेरा का?

प्रश्न : आमची सहा शाखांची नागरी सहकारी बँक आहे. अँटिव्हायरस, फायरवॉल आहे. संगणकांचं काम बाहेरची कंपनी बघते. तरी लेखापरीक्षकांनी ‘सायबर जोखीम व्यवस्थापन नाही’ असा शेरा मारला. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : शेरा योग्य आहे. कोणता धोका कोणी सांभाळायचा, हे तुमच्याकडे कुठंच लिहिलेलं दिसत नाही. सुरुवात संचालक मंडळापासून करा. सायबर सुरक्षेचं धोरण आयटी धोरणाहून वेगळं असावं आणि ते मंडळाने मंजूर करावं, असं रिझर्व्ह बँकेचं ऑक्टोबर २०१८ चं परिपत्रक सांगतं. काम कंपनीकडे सोपवलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते.

मग सांभाळायच्या गोष्टींची यादी : सर्व्हर, एटीएम, शाखांतले पीसी आणि कंपनीची रिमोट लॉगिन (बाहेरून तुमच्या यंत्रणेत शिरण्याची खाती). ही शेवटची हटकून यादीतून सुटतात.

खरं काम जोखीम नोंदवहीत आहे. रकाने साधे ठेवा : काय बिघडू शकतं, शक्यता (१ ते ५), नुकसान (१ ते ५), आजचा उपाय, जबाबदार व्यक्ती, मुदत. दोन आकड्यांचा गुणाकार १५ किंवा जास्त आला, की ती नोंद मंडळापुढे गेलीच पाहिजे. उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे एटीएमच्या व्यवहारांना खऱ्या यंत्रणेऐवजी बनावट स्विच मंजुरी देत होता. (स्विच म्हणजे एटीएमला बँकेच्या यंत्रणेशी जोडणारी प्रणाली.) स्विफ्टमार्गे (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून) गेलेली रक्कम धरून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तुमच्या वहीत ही ओळ अशी येईल : ‘स्विचने मंजूर केलेला व्यवहार सीबीएसमध्ये (बँकेच्या मुख्य खातेप्रणालीत) नाही.’ शक्यता २, नुकसान ५. गुणाकार १० च, तरी ही नोंद मंडळापुढे न्या, कारण एका रात्रीत बँक हादरते. उपाय : दोन्हीकडच्या व्यवहारांचा रोज मेळ, सुट्टीच्या दिवशीही. जबाबदार : हिशेब विभागाचे अधिकारी, नावानिशी. ‘आयटी विभाग’ एवढंच लिहिलं, की कोणीच जबाबदार राहत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बॅकअप रोज घेतला जातो, पण तो परत चढवून कधीच पाहिलेला नसतो. दर तिमाहीला वेगळ्या मशीनवर चढवा, किती तास लागले ते वहीत लिहा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. कोणी, कोणाला कळवायचं ते फोन नंबरांसह कागदावर छापून प्रत्येक शाखेत ठेवा. हल्ल्याच्या वेळी मेल बंद असू शकतो.