लाल, फसफसती आणि अजिबात गोड नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा कामानिमित्त इटलीत मोदेनाला गेला होता. तिथल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या दुकानातून त्याने लांब्रुस्को नावाच्या लाल वाईनच्या दोन बाटल्या आणल्या. पहिली उघडली तर सोड्यासारखा जांभळा फेस उसळून टेबलावर आला. चव आंबट, शेवटी जिभेवर तुरट, गोडवा नावाला नाही. शेजारचे काका म्हणाले, लांब्रुस्को गोड असते, ही बाटलीत आंबली आहे. म्हणून बेसिनमध्ये ओतून दिली. दुसरीचं काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुसरी बाटली कृपा करून ओतू नका. तुमची वाईन उत्तम होती. पत्र वाचून मला हळहळ वाटली, कारण तुम्ही जे दोष लिहिलेत त्यांच्यासाठीच इथले लोक ती विकत घेतात.

मी मूळची निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. लग्नानंतर मोदेनाजवळच्या कार्पीला आले आणि गेले अकरा हंगाम इथल्या एका सहकारी वाईनरीच्या वजनकाट्यावर बसते. इथे रोजच्या जेवणाच्या टेबलावर जी लांब्रुस्को असते ती 'सेक्को' म्हणजे कोरडी. तुमच्या बाटलीच्या लेबलावर हा शब्द नक्की सापडेल. या वाईनमध्ये सेक्को लिहायचं तर लिटरमागे साखर पंधरा ग्रॅमच्या वर जाता कामा नये. पुष्कळ बाटल्यांत ती त्याहून खूपच कमी असते. गोडसर ती 'आमाबिले', पूर्ण गोड ती 'दोल्चे'.

तुमच्या काकांचंही चूक नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत लांब्रुस्कोची प्रचंड लाट आली होती. रेज्जो एमिल्याच्या 'रियुनिते' या सहकारी संस्थेची वाईन तिथे आयात वाईनमध्ये सर्वाधिक खपणारी ठरली. ती गोड आणि हलकी होती. तेव्हापासून जगाच्या डोक्यात लांब्रुस्को म्हणजे गोड हे समीकरण पक्कं बसलं. इथल्या घरांत मात्र कोरडीच राहिली.

आता फेस. द्राक्षरस आंबताना यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल होतं आणि वायू सुटतो. साध्या वाईनमध्ये तो वायू उडून जातो. लांब्रुस्कोला बंद टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात, म्हणून तो आतच विरघळून राहतो. दाबाच्या टाकीची ही पद्धत फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये पेटंट केली. त्याआधी हे काम ऋतूच करायचे. थंडी पडली की यीस्ट झोपायचं, वसंतात ऊब आली की बाटलीत पुन्हा जागं व्हायचं. तुमची बाटली उसळली ती बहुधा कोमट असल्यामुळे किंवा हलल्यामुळे. दुसरी फ्रिजमध्ये चार तास उभी ठेवा, बूच हाताने धरून हळूहळू सोडा, ग्लास तिरका धरून ओता. बारा ते चौदा अंशांना ती छान लागते, म्हणजे फ्रिजबाहेर काढून थोडा वेळ थांबायचं. शिवाय ही मुरवत ठेवायची वाईन नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवू नका, वर्षाच्या आत संपवा.

तुमच्या पत्रातल्या 'जांभळा फेस' आणि 'शेवटी तुरट' या दोन शब्दांवरून मला वाटतं, ती ग्रास्पारोस्सा असावी. लांब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नाही, ते अख्खं कुटुंब आहे. ग्रास्पारोस्सा मोदेनाच्या दक्षिणेला, कास्तेलवेत्रोच्या टेकड्यांवर होतं. शरद ऋतूत त्याचे देठ लाल होतात, नाव त्यावरूनच पडलं. वाईन गडद आणि भरदार. कार्पीजवळच्या सांता क्रोचेचं सालामीनो हे ही गडद ग्रास्पारोस्सा आणि फिकट सोर्बारा या दोन टोकांच्या मधलं. त्याचा घड लहान सलामी सॉसेजसारखा लांबट आणि घट्ट.

आणि माझं सर्वात लाडकं सोर्बारा. सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांमधल्या सपाट गाळाच्या जमिनीत ते पिकतं. पहिल्या वर्षी मी सोर्बाराची बाग पाहिली तेव्हा काळजात धस्स झालं. घड विरळ, निम्मे मणी ज्वारीच्या दाण्याएवढे राहिलेले. निफाडला असा घड दिसला असता तर माझ्या वडिलांनी, दादांनी, रात्रभर झोप घेतली नसती. मी बागेच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं, हा कुठला रोग? त्यांनी मला ओळीच्या पलीकडे नेऊन सालामीनोचे वेल दाखवले. सोर्बाराच्या फुलातला पराग वांझ असतो. शेजारच्या सालामीनोचा पराग वाऱ्याने आला तरच मणी धरतो, म्हणून दोन्ही जवळजवळ लावतात. फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस लागला की घड अजूनच विरळ. एवढं सगळं सोसून हातात येते ती फिकट गुलाबी, धारदार आंबट, रानफुलांच्या वासाची वाईन. तुमचा मुलगा पुन्हा गेला तर त्याला ही आणायला सांगा.

जेवणाचं सांगते, कारण त्याशिवाय या वाईनचा आंबटपणा कळत नाही. इथलं खाणं चरबीचं. मोर्तादेल्ला म्हणजे डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज, थंडीत उकडलेलं झाम्पोने म्हणजे डुकराच्या पायाच्या कातडीत भरलेलं मांस, पार्मिजानो चीज आणि न्योक्को फ्रित्तो. न्योक्को म्हणजे मैद्याची चौकोनी, टम्म फुगलेली पुरीच, पारंपरिक पद्धतीने चरबीत तळलेली. तिच्यात हॅमची पातळ चकती गुंडाळून खातात. दोन घास झाले की तोंड तुपाळ होतं, मग या वाईनचा एक घोट, आणि जीभ परत कोरी. मांतोवाकडे तर म्हातारी माणसं गरम सूपमध्येच लांब्रुस्को ओततात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पटलं नव्हतं, आता डिसेंबरात मी स्वतः करते.

पुण्यात तुम्ही ती बटाटेवड्यांबरोबर घ्या, चटणी मात्र बाजूला ठेवा. कमी तिखटाचं मटणाचं सुकं असेल तर फारच छान. तांबड्या रश्श्याबरोबर नको. तिखटावर तुरटपणा आणि फसफस दोन्ही टोचतात.

प्रश्न : माझे वडील साखर कारखान्याचे सभासद होते. इटलीत खरंच द्राक्षांचे सहकारी कारखाने आहेत का? आणि सोसायटीची वाईन म्हणजे हलक्या दर्जाची, असं दुकानदार सांगतो, ते खरं का? (सांगली)

उत्तर : आहेत, आणि तुमच्या वडिलांना ते घरचे वाटले असते. इथे त्यांना 'कांतीना सोचाले' म्हणतात. कार्पीची १९०३ ची, सांता क्रोचेची १९०७ ची. रियुनिते १९५० ची, म्हणजे आपल्या प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला त्याच सुमाराची.

सप्टेंबरात माझ्या काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागते. ट्रॉलीचं वजन होतं, नळी आत घुसवून रसाचा नमुना ओढतात, साखर मोजतात, मी पावती देते. शेतकऱ्याला भाव मिळतो तो वजन, साखर आणि द्राक्षाची जात पाहून. आधी उचल, मग वाईन विकली गेल्यावर अंतिम हिशोब. रांगेतले चेहरे मला अगदी ओळखीचे वाटतात. पावतीवरचा साखरेचा आकडा वाचताना माणूस कसा श्वास रोखतो, ते मी लहानपणी व्यापाऱ्याच्या साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरसमोर दादांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. फरक एवढाच, की इथे मोजणारी संस्था त्या माणसाच्या मालकीची असते.

दर्जाबद्दल दुकानदाराचं मी मान्य करणार नाही. एकाच संस्थेत दोन्ही प्रकार निघतात. नुसतं 'एमिल्या' लिहिलेली लांब्रुस्को दूरदूरच्या बागांची असू शकते, ती स्वस्त असते आणि तशीच प्यायची. पण 'दि सोर्बारा', 'दि कास्तेलवेत्रो', 'दि सांता क्रोचे' असं गावाचं नाव असलेली बाटली त्या भागाच्या नियमांत बांधलेली असते. भागाच्या नावाचा हा कायदेशीर दर्जा तिन्हींना १९७० मध्ये मिळाला. दोन-तीन एकरवाल्याला स्वतःची दाबाची टाकी कधीच परवडली नसती. चारशे जणांनी मिळून ती घेतली म्हणून त्याच्या वेलांना बाजार आहे. स्वस्त आहे म्हणून तिला हलकी म्हटलेलं मला खरोखर लागतं.

आणि गावातली माणसं आजही वसंतात मोठमोठ्या काचेच्या दामिजाना घेऊन येतात, एकेक चौपन्न लिटरची. सुटी वाईन भरून नेतात आणि घरी बाटल्यांत भरतात. चंद्राची तिथी पाहून भरणारेही आहेत.

प्रश्न : मित्राने दिलेल्या लांब्रुस्कोच्या तळाशी मातकट गाळ आहे आणि वाईन गढूळ दिसते. प्यावी का? (नागपूर)

उत्तर : लेबलावर 'रिफेर्मेंतात्सिओने इन बोत्तील्या' असं काही लिहिलंय का, ते बघा. म्हणजे दुसरं आंबणं टाकीत न होता बाटलीतच झालं. तो गाळ यीस्टचा आहे, निर्धास्त प्या. बाटली एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि न हलवता सावकाश ओता, शेवटची दोन बोटं वाईन तळाशी राहू द्या. माझ्या शेजारच्या आजी मात्र तो शेवटचा गढूळ ग्लास स्वतःसाठी राखून ठेवतात. पावाच्या कणकेसारखा वास येतो त्याला. एकदा घेऊन बघा.